एकादशी टाळून निघालेली बस

माणसाला कुठलंच काम धड येत नसलं की तो टूर मॅनेजर होतो, हे मी स्वतःवरून सांगतो. पावणे एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तो एके दिवशी गुजरातला गेला. मी गेलो नाही. चोपन्नाव्या वर्षी कामोठ्याच्या वन-बीएचकेत दिवसभर घरात असलेला नवरा माझ्या बायकोने तीन महिने सोसला, मग तिने तिच्या बहिणीला फोन केला. बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, कळंबोलीत ट्रॅव्हल्सचा धंदा करतो. त्याच्या दोन बस आहेत. त्याने मला बोलावलं, समोर चहा ठेवला आणि विचारलं, "तुला बोलता येतं ना?"

"येतं."

"मग झालं. बाकीचं ड्रायव्हर बघतो."

एवढ्या पात्रतेवर मी लोकांना प्रेक्षणीय स्थळं दाखवायला लागलो. माइक हातात आला की मला काहीही माहीत असतं. किल्ला दिसला की मी सन सांगतो. सन खोटा असतो, पण आवाज खरा असतो. पहिल्या तीन सहलींत एकानेही मला अडवलं नाही, आणि तेव्हापासून पर्यटक या जातीबद्दल माझं जे मत झालं ते अजून तसंच आहे. त्यांना बघायचं काहीच नसतं. आपण बघून आलो हे त्यांना घरी सांगायचं असतं, आणि तेवढ्यासाठी मी पुरेसा होतो.

चौथी सहल आमच्याच भागातल्या ज्येष्ठांच्या मंडळाची होती. ज्येष्ठ हा शब्द मी त्या सहलीपर्यंत आदराने वापरत असे. कार्यक्रम साडूने आखलेला: दक्षिणेला, रायगड जिल्ह्याच्या टोकाला एका देवळामागचे समुद्राने कोरलेले खडक बघायचे, मग जेवण, आणि येताना एक डिस्टिलरी. कोकम, जांभूळ असल्या फळांची दारू तिथे गाळतात, ती कशी गाळतात ते दाखवतात आणि शेवटी चाखायला देतात. पत्रकावर साडूने छापलं होतं, 'निसर्ग आणि आस्वाद'. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. मंडळाचे सेक्रेटरी वाचतात, आणि त्यांचा आणि माझा विषय अजून मिटलेला नाही.

तारीख ठरवायला मी त्यांच्या विरंगुळा केंद्रात गेलो. आठवडाभर साडूची बस मोकळी होती, वार तेवढा ठरवायचा होता. मी म्हटलं, वार समुद्राला विचारून ठरवावा लागेल. देवळामागून पायऱ्या खाली उतरतात, खाली खडकांचा सपाट पट्टा आहे, आणि तो फक्त ओहोटीला उघडा पडतो. भरतीची वेळ काढायला मला मोबाइल लागत नाही, हेही मी सांगून टाकलं. माझे वडील खाडीवरचे. मिठागर आणि मासेमारी दोन्ही केलेले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्यांनी मला पाढ्यासारखं घोकून घेतलेलं. येता सोमवार एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठला भरती, म्हणजे सव्वादोनला पूर्ण ओहोटी. आपण बाराला पोचतो, जेवतो, आरामात खाली उतरतो.

लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. कौतुक मला मानवत नाही, मी लगेच सैल सुटतो. मी म्हटलं, "आम्ही भूमिपुत्र. समुद्र आमच्या रक्तात."

तेव्हा मागच्या खुर्चीवरून एका बाईंनी विचारलं, "खडकांना किती वेळ देणार?"

"अर्धा तास."

"एक तास द्या."

या बाई खांदेश्वरला मुलाकडे राहतात. पनवेलच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. सागरी लाटांचं कार्य हा धडा त्यांनी किती वेळा शिकवला त्याचा अंदाज तुम्हीच करा: कडा, कड्याखालची खाच, गुहा, कमान, स्तंभ आणि खाली लाटांनी घासून सपाट केलेला मंच. सगळं फळ्यावर रंगीत खडूने. प्रत्यक्षात एकही बघितलेलं नव्हतं. शाळेच्या सहली पी.टी.चे सर ठरवायचे आणि ते दर वर्षी रायगडावर न्यायचे. आता पुढच्या महिन्यात बाईंचे दोन्ही गुडघे बदलायचे होते, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की त्यानंतर ओबडधोबड जागी पाय टाकायचा नाही. "म्हणून येतेय," त्या म्हणाल्या. "दारूसाठी नाही." एवढं बोलून त्या फिजिओथेरपीच्या वेळेला उठून गेल्या.

त्या गेल्या आणि पाच मिनिटांत कोणाच्या तरी लक्षात आलं. एकादशी.

"एकादशीला डिस्टिलरी?" एक काकू म्हणाल्या. "आणि वर सोमवार."

मग जी चर्चा झाली तिच्याइतकी सखोल धर्मचर्चा मी कुठल्या कीर्तनात ऐकलेली नाही. सोमवार शंकराचा. मंगळवारी चार जणांना गणपतीमुळे चालत नव्हतं. गुरुवार दत्ताचा, त्या दिवशी तर प्रश्नच नाही. शनिवार मारुतीचा. रविवारी सगळ्यांना चालतं, पण रविवारी नातवंडं घरी असतात आणि सुनांना हे लोक घरात हवे असतात. बुधवारी योगाचा क्लास. उरला शुक्रवार. शुक्रवारी दोघींना संतोषीमातेचा उपास होता, पण त्या घेणार नव्हत्या, नुसता वास घेणार होत्या. वास चालतो का, यावर दहा मिनिटं गेली. कोकमाचा वास म्हणजे आंबट वास, असा मुद्दा निघाला. सेक्रेटरी सरकारी खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवलं, चष्मा वर केला आणि निकाल दिला: "शुक्रवारी पौर्णिमा आहे. पौर्णिमेला उपास नसतो. शुक्रवार फायनल."

"फायनल," मी म्हटलं.

कॅलेंडरच्या त्या एका चौकोनात सगळं छापलेलं होतं. सदतीस ज्येष्ठांनी आणि एका खाडीवाल्याच्या मुलाने त्यात वाचलं काय, तर त्या दिवशी प्यायला चालतं. पंधरा पाऊणे किती, हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला बस निघाली. पुढच्या सीटवरून भांडण पनवेल सुटायच्या आत झालं. तीन जणांना गाडी लागते म्हणून पुढची सीट हवी होती आणि त्यातल्या दोघांना ती लागत नव्हती, हे बाकीच्यांना माहीत होतं. प्रत्येकाकडे एक पिशवी होती, आणि त्या पिशवीत दुसऱ्या पिशव्या होत्या. नाश्ता मिळणार हे पत्रकावर छापलेलं असताना नऊ घरांतून थालीपीठं आली होती आणि ती सगळ्यांनी सगळ्यांना वाटली. मग पेणच्या पुढे नाश्त्याला थांबलो तर मिसळ तिखट आहे अशी तक्रार, आणि ती दोनदा रस्सा मागून घेतल्यावर.

तिथेच ड्रायव्हर माझ्या टेबलापाशी येऊन बसला. उरणकडचा माणूस, माझ्याच वयाचा. त्याने बशीत चहा ओतला आणि अगदी सहज म्हणाला, "आज पुनव हाय. खाली कसं उतरवनार यांना? पानी टम्म असल."

माझा घास तिथल्या तिथे थांबला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, आणि तीही पौर्णिमेची, उधाणाची. आम्ही पोचणार बाराला.

"तू आधी का नाही बोललास?"

"मना वाटला तुमी इचार केला असल. तुमी आमचेच ना."

हे शेवटचं वाक्य त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

खरं तर मी तेव्हाच माइक घेऊन सांगायला हवं होतं की माझं चुकलं, आज खडक दिसणार नाहीत. त्याऐवजी मी पुढचे दोन-अडीच तास त्या खडकांचं वर्णन केलं. जे दिसणार नाही त्याचं वर्णन मला फार छान जमतं. मी म्हटलं, लाखो वर्षांपूर्वी हे खडक समुद्राच्या पोटातून वर आले. चौथ्या रांगेतून बाईंचा आवाज आला, "लाव्हा आहे तो. जमिनीवरच थिजलाय. समुद्र नंतर आला, आणि तो कापतोय."

"तेच म्हणतोय मी."

"तुम्ही उलट म्हणताय."

बस हसली. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांच्या मांडीवर पेन्सिल आणि चौकडीची वही होती.

बाराला पोचलो. देवळात दर्शन झालं, आणि मागच्या पायऱ्यांवर आलो. दोन काळ्या कड्यांमधून ती वाट सरळ खाली जाते. खाली म्हणजे त्या दिवशी फक्त पाणी होतं. लाट आत शिरायची, दोन भिंतींमध्ये कोंडायची आणि दहा पायऱ्या चढून फेसासकट परत जायची. मी दोन्ही हात पसरून सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि म्हटलं, "समुद्राचं हे रौद्र रूप फार थोड्यांना बघायला मिळतं."

एवढा नीच मी स्वतःला आयुष्यात कधी वाटलो नाही, आणि एवढं यशही मला कधी मिळालं नाही. मंडळी खूश झाली. खाली उतरायला लागणार नाही म्हटल्यावर निम्म्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांनी समुद्राकडे पाठ करून फोटो काढले. एक काका म्हणाले, "हे पायऱ्यांचं काम सरकारने चांगलं केलंय." एक काकू दुसरीला म्हणाल्या, "हेच का ते खडक? असले तर बेलापूरच्या खाडीत पण असतील." तीन मिनिटांत सगळं बघून झालं. "जेवण कुठे आहे?" सेक्रेटरींनी विचारलं, आणि लोंढा वळला.

बाई वळल्या नाहीत. वरच्या पायरीवर रेलिंग धरून उभ्या होत्या.

"मंच कुठे आहे?"

"पाण्याखाली."

"आज तिथी काय?"

"पौर्णिमा."

त्यांनी खालच्या पाण्याकडे बघितलं. "मला मेसेजमध्ये नुसतं शुक्रवार आलं. मुलाकडे कॅलेंडर नाही, सगळं मोबाइलवर. उधाणाची भरती मी तीस वर्षं शिकवली, आणि आज निघताना आकाशात बघितलं नाही. माझंही चुकलं." मग माझ्याकडे वळून, "किती वाजता उघडेल?"

मी बोटांवर केलं. "साडेपाचला पूर्ण ओहोटी. त्याच्या जरा आधी."

"आणि बस डिस्टिलरीतून निघणार?"

"पाचला."

"म्हणजे तुम्हाला काढता येतं."

"येतं."

"मग आधी का नाही काढलंत?"

माझ्याकडे माइक नव्हता, त्यामुळे उत्तर नव्हतं. त्यांनी वही पर्समध्ये ठेवली, चेन लावली आणि एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत बसकडे गेल्या. रागावल्या असत्या तर मी सोडून दिलं असतं. रागावलेल्या पर्यटकाला ताक पाजलं की तो शांत होतो. यांनी जेवताना ताकसुद्धा घेतलं नाही.

जेवणात मी सेक्रेटरींना बाजूला घेऊन विचारलं, बस एक तास उशिरा काढू या का. डिस्टिलरीहून परत इकडे येऊ, खडक नीट दाखवतो.

"दाखवलेत की तुम्ही."

"ते नाही. खालचे. बाईंना बघायचेत."

"एका बाईंसाठी सदतीस जण खोळंबणार?" ते म्हणाले, पण माणूस लोकशाहीवादी. त्यांनी बसमध्ये हात वर करायला लावले. एक तास थांबायला तयार कोण? बाईंनी स्वतः हात वर केला नाही. दोन हात वर आले. त्यातला एक माझा होता आणि तो धरला गेला नाही. दुसरा एका काकांचा. ते म्हणाले, त्यांनी पंखा बंद करायला हात वर केला होता.

डिस्टिलरी वीसेक मिनिटांवर, कलमांच्या बागेत. लाल कौलं, आत तांब्याचा चकचकीत बंब, बंबाला नळ्या. केसांचा अंबाडा घातलेला एक जण तो कसा चालतो ते समजावत होता. आमच्या गावात असला बंब तिवरांत लपवलेला असायचा. पोलीस आले की माझा चुलता तो चिखलात लोटून देई आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून निवट्या मासे धरतोय असं दाखवी. इथे तोच बंब काचेमागे ठेवून त्याच्यावर दिवे सोडलेले, आणि माझी माणसं देवळात उभी नव्हती इतक्या भक्तीने तिथे उभी होती. देवळात कोणी चप्पल कुठे ठेवायची यापलीकडे एक प्रश्न विचारला नव्हता. इथे प्रश्नांवर प्रश्न. जांभूळ कुठलं? किती दिवस भिजवता? बी काढता का?

मग परमिटचे फॉर्म आले. एक दिवसाचं परमिट, प्रकृती टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे अशा अर्थाचं. सदतीस जणांनी ते गंभीरपणे भरलं. वास घेणाऱ्या दोघींनीही, न जाणो. लहान लहान पेल्यांतून पाच प्रकार आले. अंबाडेवाला म्हणाला, "आधी वास घ्या, मग घोट जिभेवर फिरवा." एक काका म्हणाले, "फिरवायचा तर कवळी काढावी लागेल." दुसऱ्याने मुलीला फोन लावला की बीपीची गोळी आधी घ्यायची का नंतर. तिसऱ्याने पाचही घोट पाण्याच्या बाटलीत साठवले आणि बाटली थालिपिठाच्या पिशवीत गेली. सेक्रेटरींनी दुसरा पेला संपवून जाहीर केलं की यात काहीच नाही, हे सरबत आहे, आणि तिसऱ्यानंतर भिंतीला टेकून बसले.

बाई बाहेर कलमाखालच्या बाकावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, पाय सरळ लांब केलेले. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. मी त्या बाकापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. साडू मला काय म्हणेल ते मला शब्दाशब्दाने माहीत होतं. बायको काय म्हणणार नाही, तेही.

चौथ्यांदा गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "काय येरझाऱ्या घालताय? टॉयलेट त्या बाजूला आहे."

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"ओहोटी लागलीय."

त्यांनी पर्स खांद्याला अडकवली. उठायला दोन प्रयत्न लागले. फाटकाबाहेर सहा सीटर रिक्षावाला उभा होता. मी ड्रायव्हरला सांगितलं की साडेसहापर्यंत गाडी हलवू नको. त्याने माझ्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "बॅटरी उतरली असं सांगतो. येवढ्या दारूवर कोन तपासनार हाय?"

पाचला पाच-दहा मिनिटं असताना आम्ही पायऱ्यांवर होतो. दुपारी फेसाने भरलेली ती वाट आता ओली आणि रिकामी होती. बाई कड्याला हात लावून उलट्या उतरल्या, शिडी उतरतात तशा, आणि मी दोन पायऱ्या खाली, पडल्याच तर माझ्यावर पडाव्यात म्हणून. त्या पडल्या असत्या तर आम्ही दोघंही गेलो असतो, हा विचार मला अर्ध्यावर आला. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

मंच उघडा पडला होता. काळा, लांबच लांब, त्यात ठिकठिकाणी पाणी अडकून राहिलेलं. कड्याच्या तळाला आडवी खाच, जणू कोणी करवत लावून मध्येच सोडून दिलं. भिंतीवर जाळी पडलेली, मोहोळासारखी, भोकाला भोक लागून. मी इथे साडूबरोबर एकदा येऊन गेलो होतो आणि तेव्हा यातलं काहीही मला दिसलेलं नव्हतं. मी पार्किंग बघत होतो.

"खांदा द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही चालायला लागलो. हिरवं शेवाळं टाळून, उंच भाग धरून. म्हणजे त्या टाळत होत्या. मी, समुद्र रक्तात असलेला भूमिपुत्र, पहिल्या पन्नास पावलांत दोनदा घसरलो आणि एका डबक्यात बुटासकट गेलो.

"तुम्ही नक्की खाडीकाठचे ना?"

"वडील होते."

त्या थांबून थांबून बघत होत्या. काठीच्या टोकाने वर्गात दाखवावं तसं पेन्सिलीने दाखवत होत्या, पण मला नाही. "ही खाच. हिच्यावरचा कडा आता कोसळणार. आता म्हणजे हजार-दोन हजार वर्षांत. तो पुढचा सुळका बघा, तो कमानीचा राहिलेला पाय असेल. किंवा नसेल." एका भोकात त्यांनी बोट घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग वही काढली, एका सुकलेल्या खडकावर टेकल्या आणि चित्र काढायला लागल्या. पाच-सहा रेघांतच थांबल्या.

"काय झालं?"

"समुद्र डावीकडे आहे."

मी बघितलं. होता.

"फळ्यावर मी नेहमी उजवीकडे काढायचे," त्या म्हणाल्या. "कडा डावीकडे, समुद्र उजवीकडे. पुस्तकात तसंच होतं. पनवेलच्या पोरांना मी तीस वर्षं पूर्व किनारा शिकवला."

"दक्षिणेकडे तोंड केलं तर येईल की उजवीकडे."

"नकाशात दक्षिण वर नसते."

मग त्या हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, इतकं की वही बाजूला ठेवावी लागली. मी त्यांना हसताना तेव्हाच बघितलं. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं. त्या हसण्यात माझा वाटा नव्हता.

त्यांनी चित्र पुरं केलं. समुद्र डावीकडे. सूर्य अगदी खाली येईपर्यंत आम्ही तिथे होतो. त्यांनी मागितलेला एक तास आणि वर थोडा. पाणी परत वळायला लागलं तेव्हा मीच म्हटलं, आता निघू. माझा फोन तोपर्यंत अकरा वेळा वाजून गेला होता.

सहा सीटरमध्ये त्यांनी विचारलं, "तुमची नोकरी जाईल?"

"बहुतेक."

"यात तुम्ही तसेही काही बरे नव्हतात," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "खोटं फार बोलता. आवाज चांगला आहे."

बस जागच्या जागी होती. बॉनेट उघडं, आणि त्याच्याभोवती सहा-सात ज्येष्ठ इंजिनाला सल्ले देत उभे. आम्हाला बघितल्याबरोबर ड्रायव्हरने बॉनेट खाली घेतलं आणि गाडी एका चावीत चालू झाली. त्याने निदान दोनदा तरी घरघर करायला हवी होती. सेक्रेटरी तोपर्यंत शुद्धीवर आले होते. माणसं मोजून दोन कमी भरल्यामुळेच आले असावेत.

"टूर मॅनेजर टूर सोडून जातो?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आम्ही इथे दीड तास बसलोय. काही झालं असतं तर?"

"काय झालं असतं?"

"काहीही. आमची वयं बघा."

मागून एक काकू म्हणाल्या, "आणि आमच्याकडे उद्या सकाळी सत्यनारायण आहे." त्यांच्या तोंडाला जांभळाचा वास येत होता.

मी माफी मागितली. मागायलाच हवी होती, सेक्रेटरींचं म्हणणं चूक नव्हतं. पण माफी मागताना मला त्यांची कीव येत होती, आणि ती माझ्या तोंडावर दिसत असणार, कारण परतीच्या वाटेवर माझ्याशी कोणी बोललं नाही. बाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. बुटात पाणी घेऊन मी पुढच्या, सगळ्यांनी भांडून मिळवलेल्या सीटच्या शेजारी उभा राहिलो. माइक मी हातात घेतला नाही. ती माझी सगळ्यात चांगली सहल, असं ड्रायव्हर नंतर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडूचा फोन आला. "मंडळाची पुढची सहल पण मलाच मिळालीये," तो म्हणाला. "अट एकच आहे. तू नकोस."

"बरं."

"अरे, एक म्हातारी सांभाळायला तुला ठेवलं होतं की अडतीस?"

"अडतीस."

"मग?"

मी त्याला भरतीचं, तिथीचं, कॅलेंडरचं सगळं खरं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे चूक पण तुझीच, आणि ती निस्तरायला माझी गाडी." बायको ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. माझा ओला बूट तिने आदल्या रात्रीच गॅलरीत उन्हाच्या बाजूला ठेवला होता. तो वाळल्यावर पांढरा पडला आणि नंतर पायात गेला नाही.

दोन महिन्यांनी मी खांदेश्वरला लाइट बिलाच्या कामाला गेलो होतो. स्टेशनजवळच्या बागेत बाई वॉकर घेऊन चालत होत्या. दोन्ही गुडघ्यांवर पांढरे पट्टे, पायाखाली रंगीत पेव्हर ब्लॉक, एकसारखे, सपाट. मी फाटकातून आत गेलो आणि त्यांच्या वेगाने शेजारून चालायला लागलो.

"कशा आहात?"

"दिवसाला सहा फेऱ्या सांगितल्यात. ही तिसरी." त्या समोर बघूनच बोलत होत्या. "नोकरी गेली ना?"

"गेली."

"हं."

आम्ही बाकापर्यंत आलो. तिथे फेरी संपत होती. त्यांनी वॉकर वळवला, चाकं सरळ केली आणि चौथी सुरू केली.